दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चा आणि मतवादी पाहुणा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव राजुरेश्वर गणपतीसाठी महाराष्ट्रात सुपरिचित आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांमध्ये या स्थानाची गणना केली जाते आणि अंगारकी चतुर्थीला येथे मराठवाड्यातून व शेजारच्या विदर्भ-खानदेशातून भाविकांची रीघ लागते. अशा गावाचा वृत्तवाहिन्यांवरील राजकीय चर्चांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध आहे आणि तो निकटचा आहे. २०२३ पासून मराठी वृत्तवाहिन्यांनी रात्रीच्या चर्चेसाठी जे विषय वारंवार घेतले, त्यांतील सर्वांत मोठा विषय याच जिल्ह्यात उभा राहिला. अंतरवाली सराटी, वडीगोद्री, अंबड ही नावे महाराष्ट्रभर ठाऊक झाली ती या चर्चांमुळेच. विषय येथला, त्याची झळ येथल्या घरांना. मात्र त्यावर बोलणारी मंडळी बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत बसलेली. राजूरचा प्रेक्षक आपल्याच प्रश्नावर इतरांनी घातलेला वाद पडद्यावर पाहतो, अशी ही स्थिती आहे.

या कार्यक्रमांविषयीची सर्वसाधारण तक्रार अशी असते की, त्यांत आरडाओरड फार होते, कोणी कोणाला बोलू देत नाही आणि सभ्यतेची पातळी घसरते. ही तक्रार खोटी नाही, परंतु ती वरवरची आहे. संथ आवाजात, अत्यंत सभ्य भाषेतही निरर्थक चर्चा होऊ शकते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. या चर्चांमधील मूळ दोष असा की, त्यांत बोलणाऱ्याला हरण्याची सोयच ठेवलेली नाही. पाहुण्याचे विधान चुकीचे ठरले, तरी त्याला ते सोडावे लागत नाही. आणि ज्या चर्चेत कोणी हरू शकत नाही, तीत कोणी काही शिकूही शकत नाही. हा दोष कसा निर्माण झाला, जालना जिल्ह्यातील दोन प्रसंगांत तो कसा दिसला आणि महाविद्यालयीन अध्यापकांचा त्याच्याशी कोणता संबंध आहे, याचा विचार येथे केला आहे.

पाहुण्याची घडण

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील अनेक वर्षे दूरचित्रवाणीवरील मराठी चर्चा म्हणजे ठरावीक वेळेची, शासकीय मर्यादेतील, काहीशी औपचारिक मुलाखत असे. चोवीस तास चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या आल्यावर हे चित्र बदलले. 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' या वाहिन्या २००७ मध्ये, तर 'आयबीएन-लोकमत' २००८ मध्ये सुरू झाली. 'आजचा सवाल', 'माझा विशेष', 'रोखठोक' यांसारख्या कार्यक्रमांनी रोजच्या राजकीय चर्चेची सवय मराठी घरांना लावली.

या सुरुवातीचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. तोवर आमदार-मंत्र्यांना सभेच्या व्यासपीठावरून ऐकावे लागत असे. तेथे उलट प्रश्न विचारण्याची शक्यता नव्हती. आता तेच नेते प्रश्नांना सामोरे जाताना, कधी अडखळताना दिसू लागले. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या प्रेक्षकाला सत्ता जाब देते आहे, हे प्रथमच डोळ्यांनी पाहता आले. या प्रश्न विचारण्याची किंमतही मोजावी लागली. २० नोव्हेंबर २००९ रोजी 'आयबीएन-लोकमत'च्या मुंबई व पुणे येथील कार्यालयांवर शिवसैनिकांनी हल्ला केला, हा इतिहास विसरता येणार नाही. म्हणून या कार्यक्रमांची चिकित्सा करताना त्यांच्या जन्मामागील लोकशाही प्रेरणेचे भान ठेवले पाहिजे.

मात्र रोज एक तास भरायचा, तर रोज चार-सहा माणसे हवीत. बातमीदाराला गावोगाव पाठवून माहिती गोळा करण्यापेक्षा स्टुडिओत माणसे बसवून चर्चा घडवणे कितीतरी स्वस्त पडते. यातून पाहुण्यांचा एक कायमस्वरूपी संच तयार झाला. पक्षांचे प्रवक्ते, 'ज्येष्ठ पत्रकार', 'राजकीय विश्लेषक', एखाद्या संघटनेचे पदाधिकारी असे त्याचे घटक. सोमवारी अर्थसंकल्प, मंगळवारी न्यायालयीन निकाल, बुधवारी साहित्य संमेलनाचा वाद आणि गुरुवारी दुष्काळ असे विषय बदलतात. चेहरे तेच राहतात. याचा अर्थ उघड आहे. पाहुण्याची निवड त्याला काय माहीत आहे यावरून होत नाही. तो कोणत्या बाजूचा आहे, हाकेसरशी उपलब्ध होतो की नाही आणि विचारताक्षणी बोलू शकतो की नाही, यावरून होते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवर दिलेल्या व्याख्यानांत याच प्रकारच्या माणसाचे वर्णन केले आहे. घाईत विचार कसा करता येतो, असा त्यांचा प्रश्न होता. विचाराला वेळ लागतो आणि दूरचित्रवाणी वेळ देत नाही. अशा परिस्थितीत जो बोलू शकतो तो रूढ, सर्वांना आधीच मान्य असलेल्या कल्पनांच्या आधारेच बोलतो, असे त्यांचे उत्तर होते. झटपट विचार करणारा हा माणूस वस्तुतः विचार करतच नसतो. तो तयार मत उचलून पुढे ठेवतो. आपल्याकडील मतवादी पाहुणा याच जातकुळीचा आहे.

वाद, जल्प आणि वितंडा

या चर्चांचे मूल्यमापन करण्यासाठी पाश्चात्त्य माध्यमशास्त्राकडेच वळण्याची गरज नाही. भारतीय परंपरेत चर्चेचे शास्त्र फार पूर्वी घडले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांतील चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. विजय मिळवण्यासाठी छल, जाती इत्यादी साधनांचा अवलंब करून केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करणे म्हणजे वितंडा.

आपल्या वृत्तवाहिन्यांवर वाद नसून वितंडा चालते, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. जल्प आणि वितंडा हेदेखील नियमबद्ध प्रकार होते. न्यायसूत्रांनी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे ज्या ठिकाणी बोलणारा पराभूत झाला असे मानले जाते ते स्थान. स्वतःची प्रतिज्ञा सोडून देणे ही प्रतिज्ञाहानी. अडचणीत सापडताच मूळ प्रतिज्ञा बदलून दुसरीच मांडणे हे प्रतिज्ञांतर. प्रस्तुत विषयाशी संबंध नसलेले बोलणे हे अर्थांतर. दुसऱ्या कामाचे निमित्त काढून चर्चा मध्येच मोडणे हा विक्षेप. विजयासाठी झगडणाऱ्यालाही ही स्थाने चुकवता येत नसत. तो या ठिकाणी आला की हरला, एवढे निश्चित होते.

आता रात्रीची कोणतीही एक चर्चा या यादीसमोर ठेवून पाहावी. प्रवक्त्याला त्याच्या पक्षाच्या निर्णयाविषयी विचारले असता तो विरोधी पक्षाच्या राजवटीत काय घडले ते सांगू लागतो. हे अर्थांतर आहे. 'योजना यशस्वी झाली' या दाव्याला आकड्यांनी आव्हान मिळताच तो 'आमचा हेतू प्रामाणिक होता' असे म्हणतो. हे प्रतिज्ञांतर आहे. उत्तर देणे अपरिहार्य होते नेमक्या त्या क्षणी 'ब्रेक' येतो आणि ब्रेकनंतर चर्चा दुसऱ्या पाहुण्याकडे वळते. विक्षेपाचे काम येथे कार्यक्रमाची रचनाच पार पाडते. परंपरेच्या दृष्टीने यांतील प्रत्येक ठिकाणी बोलणारा हरलेला असतो. पडद्यावर मात्र तो पुढच्या वाक्याला मोकळा असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निमंत्रित असतो.

या यादीतील एक निग्रहस्थान विशेष लक्षणीय आहे. त्याचे नाव पर्यनुयोज्योपेक्षण. प्रतिपक्षी निग्रहस्थानी आला असताना ते दाखवून न देणे, हासुद्धा पराभवच, असा त्याचा आशय. सूत्रकारांनी हा दोष वादी-प्रतिवादींच्या संदर्भात सांगितला आहे. त्याचा आशय निवेदकालाही लागू करता येईल. पाहुणा विषय सोडून बोलतो आहे हे निवेदकाला कळत नाही असे नाही. तरीही तो ते तेथेच थांबवून दाखवत नाही, कारण त्याला दुसरी बाजू 'पेटवायची' असते. २१ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एम. जोसेफ व न्या. हृषिकेश रॉय यांच्या खंडपीठाने द्वेषमूलक वक्तव्यांविषयीच्या सुनावणीत निवेदकाच्या जबाबदारीवर बोट ठेवले, ते या दृष्टीने उचितच होते. मात्र द्वेष रोखणे ही निवेदकाची किमान जबाबदारी झाली. असत्य आणि असंबद्ध विधान उघडे पाडणे ही त्याहून अवघड व रोजची जबाबदारी आहे.

अंतरवाली सराटी : कागदपत्रांचा प्रश्न, बाजूंची चर्चा

हा दोष प्रत्यक्षात किती महाग पडतो, ते अंतरवाली सराटीच्या उदाहरणावरून दिसते. मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण २९ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले आणि १ सप्टेंबर रोजी तेथे लाठीमार झाला. त्यानंतर कित्येक आठवडे मराठा आरक्षण हा चर्चांचा प्रमुख विषय राहिला. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी वडीगोद्री येथे उपोषण केले, तेव्हा चर्चेला समोरासमोरच्या दोन बाजू मिळाल्या.

वस्तुतः हा प्रश्न केवळ दोन बाजूंचा नव्हता. त्याला निदान तीन पदर होते. पहिला घटनात्मक. इंद्रा साहनी प्रकरणातील १९९२ चा निकाल, पन्नास टक्क्यांची मर्यादा आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेला २०१८ चा मराठा आरक्षण कायदा यांचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. दुसरा ऐतिहासिक. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या महसुली व जातिविषयक नोंदी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळ्या पद्धतीने, पुष्कळदा उर्दू वा मोडी लिपीत झालेल्या आहेत. न्या. संदीप शिंदे समितीपुढील काम मुख्यतः या कुणबी नोंदी शोधण्याचे होते आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाचा आधारही हैदराबाद गॅझेट हाच होता. तिसरा पदर आर्थिक. कोरडवाहू शेती, पिढीगणिक लहान होत जाणारी जमीन आणि शिक्षणाचा वाढता खर्च यांचा या आंदोलनाशी असलेला संबंध तपासणे आवश्यक होते.

या तिन्ही पदरांची उकल करू शकणारी माणसे मराठवाड्यात आहेत. मोडी आणि उर्दू दप्तर वाचणारे आहेत, शेतीच्या अर्थकारणाचे अभ्यासक आहेत, आरक्षणविषयक निकालांचा अभ्यास असलेले वकील आहेत. परंतु चर्चेची मांडणी 'मराठा विरुद्ध ओबीसी' अशी झाल्यावर अशा माणसाला खुर्ची कोणत्या बाजूला द्यायची, हा प्रश्न उभा राहतो. जुन्या नोंदीत अमुक शब्द आहे आणि त्याचा अर्थ संदर्भानुसार बदलतो, असे सांगणारा माणूस कोणाच्याच बाजूचा नसतो. साहजिकच तो क्वचितच बोलावला जातो. आंदोलनस्थळी उभ्या असलेल्या ग्रामस्थाकडून काही सेकंदांचा 'बाईट' घेतला जातो. त्या बाईटचा अर्थ सांगण्याचा अधिकार स्टुडिओतील विश्लेषकाकडे राहतो. वेदना गावाची आणि विश्लेषण शहराचे, ही विभागणी कार्यक्रमाच्या रचनेतच आहे.

याचा परिणाम गावाला भोगावा लागतो. स्टुडिओतील दोन पाहुणे चर्चा संपल्यावर आपापल्या वाटेने जातात. राजूरसारख्या गावात मराठा आणि ओबीसी शेतकऱ्यांचे बांध एकमेकांना लागून असतात. बाजार, शाळा, लग्नकार्य आणि राजुरेश्वराची चतुर्थी समाईक असते. पडद्यावरून आलेली दोन तयार मते त्यांच्यामध्ये पसरतात, परंतु त्या मतांचा निर्णय लावण्याचे कोणतेही साधन सोबत येत नाही. चर्चेचा अपुरेपणा येथे कलात्मक दोष न राहता सामाजिक हानी ठरतो.

दोन निवडणुका आणि उत्तरदायित्वाचा अभाव

दुसरे उदाहरण २०२४ च्या दोन निवडणुकांचे. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले. जालना मतदारसंघात १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे यांचा काँग्रेसचे कल्याण काळे यांनी पराभव केला. त्याआधीच्या मतदानोत्तर चाचण्यांच्या आधारे देशभरातील बहुतेक चर्चांत रालोआला साडेतीनशेच्या आसपास वा त्याहून अधिक जागा मिळतील, असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. निकालानंतर मराठवाड्यापुरते स्पष्टीकरण तयार होते : मराठा आंदोलनाने निकाल फिरवला. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे निकाल आले आणि जालना जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीने जिंकल्या. राजूर ज्या भोकरदन मतदारसंघात येते तेथे भाजपचे संतोष दानवे पुन्हा निवडून आले. या वेळीही स्पष्टीकरण तयार होते : 'लाडकी बहीण' योजनेने निकाल फिरवला.

ही दोन्ही स्पष्टीकरणे अंशतः खरी असू शकतील. आक्षेप वेगळा आहे. अवघ्या साडेपाच महिन्यांत त्याच गावांतील मतदाराने वेगळा कौल दिला असेल, तर पहिले स्पष्टीकरण नोव्हेंबरमध्ये का लागू पडले नाही, हे सांगण्याची जबाबदारी ते देणाऱ्यावर येते. तसे उत्तर पाहुण्याला कोणी मागितले नाही. मागण्याची प्रथाच नाही. कालचे विधान आज पडद्यावर दाखवून 'याचे काय झाले?' असे विचारले गेले असते, तर विश्लेषणाची भाषा आपोआप सावध झाली असती.

अमेरिकी अभ्यासक फिलिप टेटलॉक यांनी हेच काम शास्त्रीय पद्धतीने केले. २८४ राजकीय तज्ज्ञांची ऐंशी हजारांहून अधिक भाकिते त्यांनी सुमारे दोन दशके नोंदवून ठेवली आणि प्रत्यक्ष घटनांशी ताडून पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष मननीय आहे. एकाच मोठ्या कल्पनेतून सर्व घटनांचा अर्थ लावणारे तज्ज्ञ अधिक चुकले. अनेक शक्यता धरून, साशंकपणे बोलणारे कमी चुकले. आणि माध्यमांत अधिक प्रसिद्धी असलेल्यांची भाकिते तुलनेने कमी विश्वसनीय ठरली. निश्चयी स्वर हा पडद्यावर गुण ठरतो आणि ज्ञानाच्या क्षेत्रात अनेकदा दोष ठरतो, हा याचा इत्यर्थ.

काही आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, सर्व दोष प्रेक्षकसंख्येच्या स्पर्धेचा, म्हणजे टीआरपीचा आहे. यात तथ्य आहे. परंतु ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात वृत्तवाहिन्यांचे प्रेक्षकमापन स्थगित होते, तेव्हाही चर्चांचा साचा फारसा बदलल्याचे दिसले नाही. म्हणजे साचा आता केवळ आर्थिक राहिलेला नाही. तो सवयीचा झाला आहे.

दुसरा आक्षेप असा की, प्रवक्ता पक्षाचीच बाजू मांडणार. त्याच्याकडून तटस्थतेची अपेक्षा कशी करावी? ही अपेक्षा येथे केलेलीही नाही. वकील एकाच बाजूने बोलतो, तरी न्यायालयात सत्यशोधन होऊ शकते, कारण तेथे पुराव्याचे नियम असतात, उलटतपासणी असते आणि निर्णय देणारा असतो. पक्षपाती पाहुणा हा दोष नाही. पक्षपाताला आवर घालणाऱ्या नियमांचा अभाव हा दोष आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावच्या पारावरील वा चावडीवरील चर्चा तरी कुठे आदर्श होती? तेथे स्त्रियांना स्थान नव्हते, दलितांना बोलण्याची मुभा नव्हती; दूरचित्रवाणीने निदान त्यांचे चेहरे दाखवले. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. चावडीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि चावडीवर आणि आजच्या ग्रामसभेत एक गोष्ट होती व आहे : बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांत वावरावे लागते. विहीर आटली नाही म्हणणाऱ्याला लोक विहिरीवर नेऊ शकतात. शब्दामागे माणूस उभा असण्याची ही अट पडद्यावरील पाहुण्याला लागू नाही.

अध्यापकांचा संबंध

हा प्रश्न केवळ वाहिन्यांचा मानून आपल्याला बाजूला राहता येणार नाही. एक तर, पडद्यावर नावाखाली 'प्राध्यापक' ही ओळ घेऊन बसणारे आपल्यातीलच असतात. ही ओळ प्रेक्षकाला एक आश्वासन देते : हा माणूस अभ्यासून बोलतो. ज्या विषयाचा आपला अभ्यास नाही, त्यावरही केवळ बाजू घेण्यासाठी बोलणे म्हणजे या आश्वासनाचा भंग होय. 'या विषयावर मला अधिकाराने बोलता येणार नाही' हे वाक्य उच्चारणारा अध्यापक कदाचित पुन्हा बोलावला जाणार नाही. परंतु त्याने आपल्या पदनामाची लाज राखलेली असेल.

दुसरे असे की, आपल्या महाविद्यालयांतील वादविवाद स्पर्धांवर या कार्यक्रमांची छाप स्पष्ट दिसते. विद्यार्थी प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे पूर्ण ऐकण्याऐवजी ते तोडण्याची संधी शोधतो. टाळ्या मिळवणाऱ्या वाक्याला गुण मिळतात, पुराव्याला क्वचित. येथे सुधारणा करणे पूर्णतः आपल्या हातात आहे. खंडन करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडण्याची अट घालता येईल. जुन्या शास्त्रात प्रतिपक्षाच्या म्हणण्याचा अनुवाद न करता येणे, म्हणजे अननुभाषण, हे निग्रहस्थानच मानले होते. प्रत्येक दाव्याचा आधार विचारता येईल. समोरचा मुद्दा पटल्यास तो मान्य करणाऱ्या स्पर्धकाला स्वतंत्र गुण ठेवता येतील. यांपैकी कशालाही खर्च येत नाही.

समारोप

दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चांनी मराठी समाजाला प्रश्न विचारण्याची सवय लावली, ही त्यांची कमाई. त्या प्रश्नांची उत्तरे तपासण्याची सवय मात्र त्यांनी लावली नाही. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर आपल्याकडे जल्प उरला आणि निग्रहस्थाने गेली. ती परत आणण्यासाठी पाहुण्यांची संख्या कमी करणे, विषयाचा प्रत्यक्ष जाणकार बोलावणे, मागील विधानांची नोंद ठेवून ती पुन्हा विचारणे आणि आंदोलनस्थळावरील माणसाला बाईटपुरता न ठेवता चर्चेत बरोबरीने बसवणे, एवढे उपाय वाहिन्यांना सहज शक्य आहेत. ते करतील किंवा न करतील. तोवर जालना जिल्ह्यातील प्रेक्षक रात्री दोन तयार मते ऐकेल आणि सकाळी त्याच बांधावर त्याच शेजाऱ्याला भेटेल. त्या दोघांना आपसांतला प्रश्न पुराव्याने सोडवता यावा, यासाठी लागणारे शिक्षण स्टुडिओतून मिळत नसेल, तर ते आपल्या वर्गातून मिळाले पाहिजे.